न फुटलेल्या लाह्यांचा आळ

धनत्रयोदशी, शनिवार. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मला एका कापडी पिशवीत घातलं आणि पिशवी दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर ठेवली. झाकण म्हणून माझ्या तोंडावर पाच वर्षं बसणारं स्टीलचं ताट मात्र ओट्यावरच राहिलं. ते घरात राहणार होतं. मी जाणार होतो.

मित्रांनो, मी एक म्हातारा टोप आहे, जर्मनचा. जर्मन म्हणजे तो देश नव्हे. आमच्याकडे ॲल्युमिनियमला जुनी माणसं जर्मन म्हणतात. माझं वय चौतीस. वजन एक किलो आठशे ग्रॅम. बूड जाड, काठ रुंद, आणि उजव्या बाजूला एक खोल पोचा. मला मोडीत घालायचं ठरलं होतं. जुनं भांडं वजनावर दुकानात द्यायचं आणि त्या बदल्यात नवं आणायचं, याला मोड घालणं म्हणतात. धनत्रयोदशीला घरात नवं भांडं यावं असा रिवाज आहे, म्हणून जुन्यांना निरोप देण्याचा दिवसही तोच.

जाण्याचं मला एवढं दुःख नव्हतं. जे भांडं घडतं ते एक दिवस मोडीत जातंच. पण मला ज्या कारणासाठी घालवत होते ते कारण खोटं होतं. खरं कारण मला ठाऊक होतं आणि मला तोंड असूनही बोलता येत नव्हतं. म्हणून हे सगळं तुम्हाला सांगतो आहे. मला फार वेळ नाही, तेव्हा भराभर सांगतो.

माझा जन्म मुंबईतल्या एका लहान कारखान्यात झाला. गोल कापलेला पत्रा फिरत्या साच्यावर दाबला, आणि मी टोप झालो. तिथून मी उरणच्या बाजारात आलो. ठमाबाई तेव्हा तिशीच्या आत होती. तिनं दुकानातले पाच टोप बोटाच्या पेरानं वाजवले आणि मला उचललं. दुकानदाराला म्हणाली, "यो घट हाय. यो बोटीवर टिकल."

तिचा नवरा गणू उरणच्या मोरा बंदरातून बोट घेऊन मासेमारीला जायचा. त्या बोटीवर मी एकवीस वर्षं भात शिजवला. सहा माणसांचा भात, कधी त्यात कोलंबी. समुद्राच्या पाण्यानं मला घासायचे, वाळूनं घासायचे. एकदा बोट धक्क्यावर आपटली तेव्हा मी चुलीवरून उडालो, काठाला पोचा आला आणि माझं मूळ झाकण पाण्यात गेलं. गणू हसला आणि म्हणाला, "टोपी गेली, डोका वाचला!"

पुढे गणू वारला. बोट दुसऱ्याकडे गेली. ठमाबाई मुलाकडे, कुंदनकडे, पनवेलला राहायला आली. येताना तिनं एक ट्रंक, एक विळी आणि मला आणलं. कुंदन बंदरात कंटेनरच्या नोंदी बघतो. त्याची बायको विनिता एका दवाखान्यात औषधं देते. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघर हातभर. तिथं माझं काम काय? मला माळ्यावर टाकलं. माझ्यात जुन्या पणत्या, तुटकी रोषणाई आणि एक बिनकामाचा नळ ठेवला. आठ वर्षं मी नळ सांभाळला.

मग करोनाचं साल आलं. दिवाळीच्या आठवड्यात कुंदन आजारी पडला आणि सगळं घर दाराआड कोंडलं गेलं. लक्ष्मीपूजनाला साळीच्या लाह्या आणि बत्तासे लागतात. बत्तासे घरात होते, लाह्या नव्हत्या. ठमाबाई अस्वस्थ झाली. "लाह्यांबिगर लक्षुमी बसल कशी?" असं दर तासाला विचारू लागली. घरात मक्याच्या दाण्यांचं एक पाकीट होतं, रोशनीसाठी आणलेलं. रोशनी ठमाबाईची नात, तेव्हा सहा वर्षांची.

विनिता म्हणाली, "आई, याही लाह्याच की. मक्याच्या."

"लक्षुमीला चालल?"

"विचारून बघा."

ठमाबाईनं खरंच देव्हाऱ्याकडे बघितलं. देवी काही म्हणाली नाही, तेव्हा चालतं असं ठरलं. घरातल्या कढईत दाणे करपले. मग ठमाबाईला मी आठवलो. कुंदन तापात होता, म्हणून विनिता स्टुलावर चढली आणि तिनं मला खाली काढलं.

त्या संध्याकाळी माझं दुसरं आयुष्य सुरू झालं. दोन चमचे तेल, चिमूटभर हळद, दोन मुठी दाणे, वर स्टीलचं ताट. मिनिटभर शांतता. मग एक दाणा उडाला. मग दुसरा. मग असा ताडताड पाऊस झाला की रोशनी कानावर हात ठेवून नाचायला लागली. एकवीस वर्षं भात शिजवला, पण भात मुकाट्यानं शिजतो. माझ्या पोटात एवढा आनंद कधी वाजला नव्हता.

देवीपुढे वाटीभर ठेवून उरलेल्या लाह्यांचे विनितानं लाडू केले. त्याची रीत अजून तीच आहे. गुळाचा पाक करायचा. पाकाचा थेंब पाण्यात टाकायचा, त्याची गोळी झाली आणि ती ताटलीवर टाकल्यावर टण्ण वाजली की गॅस बंद. त्यात लाह्या, भाजलेले तीळ, सुक्या खोबऱ्याचे काप, वेलची. हाताला तूप लावायचं आणि गरम असतानाच वळायचं. थांबलात की पाक दगड होतो. न फुटलेले दाणे, ज्यांना गणंग म्हणतात, ते आधी वेचून काढायचे, नाहीतर कुणाचा तरी दात जातो. गणंग वेचणं हे रोशनीचं काम.

पुढच्या वर्षी ते लाडू इमारतीत वाटले. त्याच्या पुढच्या वर्षी खालच्या मजल्यावरचे लोक दिवाळीच्या आधीच विचारू लागले. गेल्या वर्षी चौऱ्याऐंशी लाडू झाले. शेजारच्या अनुष्कानं, ती कॉलेजात जाते, माझा फोटो काढला. "हा बघा आमच्या बिल्डिंगचा सेलिब्रिटी," म्हणाली. मला शब्द कळला नाही, सूर कळला. त्या रात्री मला माळ्यावर परत ठेवलं नाही. गॅसशेजारी ठेवलं.

आता या वर्षीचं सांगतो. लक्ष देऊन ऐका, कारण चूक इथंच आहे.

गेल्या दिवाळीतला उरलेला मका पावसाळ्यात खराब झाला. पनवेलच्या दमट हवेत त्याला बुरशी धरली, पोरकिडे झाले. ठमाबाईला ते फार लागलं. ती कोळीण आहे. तिनं जन्मभर बोंबील वाळवले, जवळा वाळवला. ओलं ते नासतं आणि वाळलेलं ते टिकतं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. म्हणून या वर्षी नवा मका दसऱ्यानंतर आणला, तेव्हा तिनं तो गच्चीवर नेला. जुन्या साडीवर एकेरी पसरला. ऑक्टोबरचं ऊन. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. कावळे हाकायला स्वतः काठी घेऊन बसली.

"आई, मक्याला जवळ्याचा वास येईल हं तुमच्या त्या साडीचा," विनिता म्हणाली.

"येवदे. लक्षुमी कोल्यांचीच हाय," ठमाबाई म्हणाली.

चौथ्या दिवशी तिनं मका डब्यात भरला. दाणे डब्यात पडताना खडखड वाजले, वाळूतल्या खड्यांसारखे. ती खूश झाली. "बग गो, कसा खणखनीत झाला. आता कीड लागाची नाय."

मी गॅसशेजारी होतो आणि तो आवाज ऐकून माझं बूड गार पडलं. मित्रांनो, मक्याच्या दाण्याच्या आत थोडंसं पाणी असतं. बाहेरून दिसत नाही. तेच पाणी तापतं, त्याची वाफ होते, वाफेला बाहेर पडायला वाट नसते, आणि मग दाणा फुटतो. हे मला कुणी शिकवलं नाही; पाच दिवाळ्या ते माझ्याच पोटात झालं आहे. ठमाबाईनं तीन दिवस ऊन दाखवून ते पाणीच काढून घेतलं होतं. ज्या उन्हानं बोंबील टिकतो त्याच उन्हानं लाही मरते. मला हे ओरडून सांगायचं होतं. पण टोपाला कुणी आपटलं तरच आवाज येतो.

शुक्रवारी, वसुबारसेला, संध्याकाळी सहा वाजता विनितानं गॅस पेटवला. दोन चमचे तेल, हळद, दोन मुठी दाणे, ताट. मिनिट झालं. दोन मिनिटं झाली. एक दाणा फुटला. रोशनीनं टाळी वाजवली. मग चारपाच फुटले. मग काहीच नाही. खालचे दाणे काळे व्हायला लागले.

"टोप नीट तापत नाहीये," विनिता म्हणाली.

"गॅस वाढव," ठमाबाई म्हणाली.

गॅस वाढवला. धूर झाला. ताट काढलं तर आत मूठभर वाकड्यातिकड्या लाह्या आणि बाकी सगळे गणंग. रोशनीनं ते वाटीत वेचायला सुरुवात केली आणि मग वाटी ठेवून दिली. "आई, यात वेचायचं काय? लाह्याच वेचू का?"

शनिवारी सकाळी पुन्हा केलं. या वेळी मला आधी राखेनं घासलं, मग साबणानं, मग कोरडंच तापवलं. पुन्हा तेच. कुंदन दारात उभा राहून बघत होता.

"अगं, बूड गेलं असेल त्याचं. किती वर्षं झाली?" तो म्हणाला.

"मी चार दिवाळ्यांपासून सांगतेय, एक जाड बुडाचा स्टीलचा घेऊ," विनिता म्हणाली. "इमारतीत तेवीस घरं लाडवांची वाट बघतायत. मंगळवारी लक्ष्मीपूजन आहे. आज धनत्रयोदशी आहे, आजच घेऊन टाकू. हा मोडीत देऊ."

मी ठमाबाईकडे बघत होतो. तिनं मला उरणच्या बाजारात निवडलं होतं. ती बोलेल, असं मला वाटलं. ती जवळ आली, माझ्या बुडाला बोटाचं पेर वाजवलं, कान देऊन ऐकलं. आवाज पहिल्यासारखाच होता. तिच्या कपाळावर आठी पडली. ती आठी मी बघितली. तिला काहीतरी खटकत होतं. पण तिनं किडीच्या भीतीनं, काठी घेऊन राखून वाळवलेला मका खराब असेल हे तिच्या मनात येणंच शक्य नव्हतं.

"आये, बोल ना. देऊ का?" कुंदननं विचारलं.

"मका तर चांगला हाय," ती हळू म्हणाली. "मंग टोपच म्हातारा झाला. माज्यासारका. देवा."

देवा म्हणजे द्यावा. त्या एका शब्दानं मला जे झालं ते बोट धक्क्यावर आपटली तेव्हाही झालं नव्हतं.

तीन दहाला पिशवी. चारला टपाल नाक्याजवळचं कमलाकरशेठचं भांड्यांचं दुकान. दुकानात एवढी गर्दी की माणसं भांड्यांवर आणि भांडी माणसांवर आपटत होती. मला काट्यावर ठेवलं. कमलाकरशेठ म्हणाला, "जुना माल चांगला हाय हो वहिनी. असा जाड आता येत नाही." विनिता म्हणाली, "जाड आहे, पण चालत नाही." मग मला मागच्या खोलीत, ढिगात टाकलं.

ढिगात मी एकटा नव्हतो. कानतुटकी कढई होती, बिनशिट्टीचा कुकर होता, आणि माझ्यासारखेच काळवंडलेले टोप तर मोजता येऊ नयेत इतके. प्रत्येकाला कशाचं तरी कारण होतं. कुणाला छिद्र, कुणाला तडा. मी स्वतःला पुन्हा पुन्हा तपासत राहिलो. छिद्र नाही. तडा नाही. संध्याकाळी दुकानाच्या माणसांनी ढीग पोत्यांत भरला. मी एका पोत्यात तळाशी गेलो, माझ्यावर कढई, कढईवर कुकर. बोलण्यावरून कळलं की जर्मनची पाच पोती झाली आहेत आणि रविवारी सकाळी टेंपो येऊन ती तळोज्याकडे, वितळवण्याच्या भट्टीला नेणार आहे. तिथं टोपाचा टोप राहत नाही.

यापुढचं घरातलं मी बघितलेलं नाही. ऐकलेलं सांगतो. आज रविवार. साधारण अकराच्या सुमारास मला पोत्यातून एक ओळखीचा आवाज आला. रोशनीचा. ती धापा टाकत होती.

"काका, आमचा टोप द्या! काल दिलेला. पोचा आलेला."

"बाळा, काल दीडशे टोप आले. निम्म्यांना पोचे आहेत," कमलाकरशेठ म्हणाला. "आणि मोड परत देत नसतात. काय झालं, नवा आवडला नाही का?"

"नवा चांगला आहे. पण काल संध्याकाळी त्यात पण नाही फुटलं! सगळे गणंग. मग बाबा म्हणाले, दोन टोप एका दिवसात कसे बिघडतील? मग आई आज सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून नवीन पाकीट घेऊन आली. ते नव्या टोपात टाकलं आणि सगळं फुटलं, ताट वर उचललं गेलं! मग आई आजीला म्हणाली, तुम्ही मका किती दिवस वाळवला होता?"

मग दुसरा आवाज आला. मागून, दमलेला. ठमाबाई पोचली होती.

"शेठ, चूक माजी हाय. टोपाची नाय."

"अहो आजी, बसा आधी. पाणी घ्या."

"पानी नंतर. मी मका वालवला. जवला वालवतात तसा. त्याच्या पोटातला पानी मीच काडला, आन आळ घातला टोपावर. त्यानं एकवीस वर्सं माज्या मालकाला जेवान दिला. असा आळ घालून त्याला भट्टीत नाय धाडाचा."

सणाच्या रविवारी गिऱ्हाईक सोडून कुणी पोती उघडत नाही. तरी कमलाकरशेठनं विचारलं, "सूनबाईंना माहीत आहे का तुम्ही आलाय ते?"

रोशनी म्हणाली, "आई म्हणाली, मिळाला तर आणा, जागा मी करते. नाही मिळाला तर डोकं धरून बसू नका, घरी लाडू वळायचेत."

"शहाणी आहे तुझी आई."

"हाय," ठमाबाई म्हणाली. "पन तिच्यासमोर बोलू नको, लय चढल."

कमलाकरशेठ हसला. मग मला सुतळी कापल्याचा आवाज आला. पोतं रिकामं झालं, फरशीवर भांड्यांचा गडगडाट झाला. ठमाबाई एकेक टोप वाजवत होती. टण्. बाजूला. टण्. बाजूला.

"आजी, वळखाल का?" कमलाकरशेठनं विचारलं.

"मी वलखन. तू पोती उगर."

मित्रांनो, माझं म्हणणं तुमच्याकडे एवढंच आहे. घरात एखादी वस्तू एके दिवशी चालेनाशी झाली, तर ती लगेच टाकू नका. आधी विचारा की त्या दिवशी नवं काय झालं होतं. आपण काय केलं होतं. तेल बदललं का, पाणी बदललं का, मका वाळवला का. आम्हा वस्तूंना दोष मान्य करायला कमीपणा वाटत नाही. छिद्र पडलं तर आम्ही गळतोच, लपवत नाही. पण ज्यात आमचा दोष नाही त्यासाठी आम्हाला घालवलं, तर आम्ही तुमच्या पाठीमागे ओरडूही शकत नाही. आणि चूक कळल्यावर, उन्हातून चालत येऊन, अनोळखी माणसासमोर ती मोठ्यानं कबूल करणारं एखादं माणूस घरात असेल, तर त्याला जपा. टोप एक वेळ नवा मिळतो.

दुसरं पोतं उघडलं. त्यात कढया जास्त होत्या. ठमाबाईनं ती लवकर संपवली. रोशनी विचारत होती, "आजी, दमलीस का?" आणि आजीचं टण्, टण् चालूच होतं.

बाहेर टेंपोचा हॉर्न वाजला. चालकानं आत डोकावून विचारलं, "शेठ, माल तयार का? मला पुढं खारघरला पण जायचंय."

"थांब रे दहा मिनिटं."

"दहा मिनिटं कसली शेठ, साडेअकरा वाजले. बाहेर पोलिसांनी गाडी हलवायला सांगितलीय."

"मग ही तीन भर. तिकडची दोन उघडलीयत ती राहू दे."

"नाय," ठमाबाई म्हणाली. "तीन बी उगराची."

कुणीतरी माझ्या शेजारचं पोतं ओढलं. जमिनीवरून घासत गेल्याचा आवाज आला. ते दाराकडे गेलं की ठमाबाईकडे, ते मला आतून कळलं नाही. दोन पोती उघडून झाली आहेत. तीन राहिली आहेत. मी चौथ्यात आहे, आणि माझ्यावर कढई आणि कुकर आहे.